लस जिवंत पोचावी म्हणून

प्रति,
मा. आरोग्यमंत्री, महाराष्ट्र राज्य
मा. सचिव, सार्वजनिक आरोग्य विभाग
मा. आयुक्त, आरोग्य सेवा

विषय : प्राथमिक आरोग्य केंद्र ते पाडा या टप्प्यातील लसपुरवठा आणि कोल्ड चेन यांबाबत आमच्या संघटनेच्या मागण्या

महोदय, महोदया,

रात्री दोन वाजता फोन वाजतो. लसीच्या फ्रीजला, म्हणजे आयएलआरला, लावलेल्या डेटा लॉगरचा संदेश असतो : तापमान आठ अंशांच्या वर गेले आहे. ज्या औषध निर्माण अधिकारी बाईंच्या नावावर तो नंबर नोंदवलेला आहे, त्या उठतात, मुलाला शेजारी सोपवतात आणि केंद्राकडे निघतात. वीज गेलेली असते. जनरेटर आहे, तर त्यात डिझेल नाही. डिझेल मिळाले, तर बॅटरी उतरलेली. मग झाकण उघडायचे नाही, हा एवढा एकच नियम पाळत त्या उजाडेपर्यंत आयएलआरजवळ बसून राहतात. सकाळी नऊ वाजता त्याच बाई ओपीडीच्या खिडकीत औषधे देत असतात. त्या रात्रीची नोंद कुठल्याही ड्युटीत होत नाही.

आमच्या संघटनेत अशा औषध निर्माण अधिकारी बाई आहेत, आरोग्य सेविका आणि सेवक आहेत, जिल्हा स्टोअरचे मदतनीस आहेत, व्हॅक्सिन व्हॅनचे चालक आहेत, कोल्ड चेन टेक्निशियन आहेत. आणि खांद्याला लसीची थंड पेटी, म्हणजे कॅरियर, अडकवून मोटरसायकलवर, होडीत किंवा पायी लस पोचवणारे लसवाहक आहेत, ज्यांचे नाव कुठल्याच हजेरीपटावर नाही. सातपुड्यापासून मेळघाटापर्यंत आणि मोखाड्यापासून भामरागडपर्यंत आम्ही हे काम करतो. पगारवाढीचे निवेदन आम्ही यापूर्वी वेगळे दिले आहे. हे मागणीपत्र लसीविषयी आहे.

लस पाड्यावर पोचवणे आणि ती जिवंत पोचवणे ही दोन कामे आहेत, आणि आज मोजमाप फक्त पहिल्याचे होते. किती डोस आले, किती दिले, किती टक्के लाभार्थी पूर्ण झाले, हे आकडे दर महिन्याच्या आढावा बैठकीत पडद्यावर दिसतात. दिलेल्या डोसमधली लस त्या क्षणी काम करण्याच्या अवस्थेत होती का, हा प्रश्न त्या बैठकीत कोणी विचारत नाही. लस बिघडली तर तिला वास येत नाही, बहुतेक वेळा रंगही बदलत नाही. टोचलेले बाळ तेवढेच रडते. आई कार्डावरची खूण बघून समाधानाने घरी जाते. बिघाड कळतो तो दोन-तीन वर्षांनी, घटसर्पाने किंवा गोवराने. तोपर्यंत नोंदवहीची पाने भरून ती कपाटात गेलेली असतात.

भारतात दरवर्षी सुमारे २.६ कोटी बाळांना सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रमाखाली लस द्यायची असते आणि त्यासाठी देशभरात सुमारे २९ हजार कोल्ड चेन पॉइंट आहेत. ही जगातल्या मोठ्या व्यवस्थांपैकी एक आहे आणि ती उभी राहिली आहे याचा आम्हांला अभिमान आहे. १३ जानेवारी २०११ नंतर या देशात पोलिओचा एकही नैसर्गिक रुग्ण सापडला नाही. उन्हाची तिरीप सहन न होणारी ती लस घेऊन घरोघर फिरलेल्यांत आम्ही होतो. महाराष्ट्राचे नाते तर त्याहून जुने आहे. देवीच्या लसीचा या उपखंडातला पहिला यशस्वी डोस १४ जून १८०२ रोजी मुंबईत ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला दिला गेला. तेव्हा बर्फ नव्हता, फ्रीज नव्हता. बगदाद आणि बसऱ्याहून ती लस एका माणसाच्या दंडावरून दुसऱ्याच्या दंडावर अशी टिकवत आणली होती. साखळी हा शब्द तेव्हा अक्षरशः खरा होता : एक माणूस निसटला की लस मेली. आज मधे यंत्रे आली आहेत, तरी पुण्याच्या राज्य स्टोअरपासून पाड्यापर्यंत प्रत्येक सांध्यावर माणूसच उभा आहे. आमच्या मागण्या त्या सांध्यांविषयी आहेत.

खरे तापमान लिहिण्याची मुभा

ही मागणी आम्ही सर्वांत वर ठेवतो, कारण बाकीच्या सगळ्या हिच्यावर उभ्या आहेत.

आयएलआरचे तापमान दिवसातून दोनदा, सुट्टीच्या दिवशीही, बघून नोंदवहीत लिहायचे असते. ते दोन ते आठ अंशांच्या मधे हवे. आपण कुठल्याही केंद्राची जुनी नोंदवही उघडून बघावी. सकाळी चार, संध्याकाळी पाच. सकाळी पाच, संध्याकाळी चार. महिनोन्‌महिने. मे महिन्यातही, पावसात तीन दिवस वीज नव्हती त्या आठवड्यातही. ही पाने खोटी आहेत हे लिहिणाऱ्याला माहीत असते, सही करणाऱ्याला माहीत असते, तपासणाऱ्यालाही माहीत असते. हे आम्ही आमच्याच सभासदांविषयी लिहीत आहोत आणि ते लिहिताना आम्हांला वाईट वाटते आहे.

पण असे का होते तेही ऐकावे. आमच्या एका सहकाऱ्याने नोंदवहीत खरे लिहिले : आयएलआर रात्रभर बंद, सकाळी तापमान चौदा. सोबत लस बाजूला काढून ठेवल्याची नोंदही केली. त्याला पंधरा दिवसांत कारणे दाखवा नोटीस आली. शासकीय लसीचे नुकसान केल्याबद्दल वसुली का करू नये, अशी. स्टॅबिलायझर जळाल्याचे त्याने आधी दोनदा लेखी कळवले होते. नोटिशीत त्याचा उल्लेख नव्हता. शेजारच्या केंद्रातल्या सगळ्यांनी ती नोटीस वाचली, आणि त्या दिवसापासून त्या तालुक्यातल्या एकाही नोंदवहीत आठच्या वरचा आकडा दिसलेला नाही.

डेटा लॉगर आल्यावर हे थांबेल असे वाटले होते. ई-विन प्रणाली २०१५ पासून आली, साठा मोबाइलवर दिसू लागला, तापमानाचा आलेख वरपर्यंत जाऊ लागला. ही चांगली सुधारणा आहे आणि आम्ही तिच्या बाजूचे आहोत. पण आलेखात चढ दिसला की वरून पहिला प्रश्न येतो तो ‘कोणाची चूक?’ हा. ‘काय बिघडले आणि काय पाठवू?’ हा प्रश्न कधीतरी, उशिरा येतो. शिवाय लॉगर फक्त आयएलआरमध्ये आहे. कॅरियरमध्ये नाही, उपकेंद्राच्या व्हरांड्यातल्या टेबलावर नाही.

आमची मागणी : तापमानाचा बिघाड २४ तासांत कळवणाऱ्या कर्मचाऱ्यावर त्या बिघाडासाठी कोणतीही शिस्तभंगाची कारवाई किंवा वसुली होणार नाही, असा स्पष्ट शासन निर्णय काढावा. बिघाड दडवला तर कारवाई जरूर व्हावी. शंका असलेली लस बाजूला काढण्याचा आणि त्या बदल्यात दुसरी मागवण्याचा अधिकार केंद्रपातळीवर असावा; त्यासाठी जिल्ह्याच्या परवानगीची वाट बघावी लागू नये. आणि मासिक आढाव्यात प्रत्येक तालुक्याचा एक आकडा नव्याने यावा : किती बिघाड कळवले गेले. ज्या तालुक्यात हा आकडा वर्षभर शून्य असेल, तिथे तपासणी पथक आधी जावे.

गोठलेली लस

कोल्ड चेन म्हटले की सगळ्यांना उन्हाची भीती वाटते. आमचा अनुभव असा, की आजच्या घडीला थंडीने मरणारी लस जास्त काळजीची आहे, कारण ती कोणाला दिसत नाही.

उष्णतेचा मार दाखवायला कुपीवर व्हॅक्सिन व्हायल मॉनिटर, म्हणजे व्हीव्हीएम असतो. वर्तुळात चौकोन, चौकोन वर्तुळापेक्षा फिकट आहे तोवर लस वापरायची, दोघांचा रंग सारखा झाला किंवा चौकोन गडद झाला की टाकायची. आशाताईंपासून अंगणवाडी सेविकेपर्यंत सगळ्यांना ही खूण पाठ आहे. पण व्हीव्हीएम फक्त उष्णता मोजतो. गोठून निकामी झालेल्या कुपीवरचा चौकोनही पांढराशुभ्रच राहतो, आणि बघणारा निर्धास्त होतो.

पोलिओचे थेंब, बीसीजी, गोवर-रुबेला यांना गोठण्याने धोका नाही. पेंटाव्हॅलंट, हिपॅटायटिस बी, डीपीटी, टीडी, न्यूमोकोकल आणि पोलिओचे इंजेक्शन यांना आहे. म्हणजे दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांना बाळाला जे टोचले जाते, त्यातले बहुतेक सगळे. यांतल्या ज्या लसींत ॲल्युमिनियमचे क्षार असतात, त्या गोठल्या की क्षारांचे कण एकमेकांना चिकटतात आणि लस कितीही हलवली तरी पूर्ववत होत नाही.

आता सत्राची सकाळ बघा. सातला लसवाहक दारात उभा. त्याला बावीस किलोमीटर जायचे आहे आणि वाटेत नाला आहे. आइसपॅक डीप फ्रीझरमध्ये, उणे वीस अंशांजवळ. नियम असा, की आइसपॅक बाहेर काढून टेबलावर मांडायचे, त्यांना घाम फुटू द्यायचा आणि कानाशी हलवून आत पाण्याचा आवाज आला की मगच कॅरियरमध्ये घालायचे. हवा गार असेल तर याला तास-दीड तास लागतो. डिसेंबरात तोरणमाळच्या पट्ट्यात त्याहूनही जास्त. तेवढा वेळ कोणाकडे नसतो. केंद्रात एकच माणूस असतो, त्याला चार उपकेंद्रांचे कॅरियर भरायचे असतात. दगडासारखे आइसपॅक तसेच आत जातात, पेंटाव्हॅलंटच्या कुपीला लागून बसतात, आणि पाड्यावर पोचेपर्यंत जे व्हायचे ते होऊन गेलेले असते.

याला उपाय आहे आणि तो महाग नाही. आइसपॅक आणि कुपी यांच्यामधे आडपडदा असलेले, गोठू न देणारे कॅरियर तयार होतात. जागतिक आरोग्य संघटनेने त्यांना मान्यता दिलेली आहे. ते वापरले तर आइसपॅकला घाम फुटण्याची वाट बघावीच लागत नाही. आमची मागणी आहे, की जुने कॅरियर बदलताना यापुढे हेच घ्यावेत आणि सुरुवात डोंगरी तालुक्यांपासून व्हावी. तोपर्यंत प्रत्येक कॅरियरमध्ये लस गोठण्याइतकी थंडी झाली का हे दाखवणारा एक फ्रीज टॅग असावा, म्हणजे संध्याकाळी कॅरियर परत आल्यावर निदान कळेल तरी.

आणि शेक टेस्ट पुन्हा शिकवावी. एक कुपी मुद्दाम गोठवून वितळू द्यायची, तिच्याशेजारी शंका असलेली कुपी धरायची, दोन्ही हलवून टेबलावर ठेवायच्या. गोठलेल्या कुपीत पांढरा गाळ भराभर खाली बसतो. शंकेच्या कुपीतला गाळही त्याच वेगाने बसला, तर ती फेकायची. प्रशिक्षणात ही चाचणी स्लाइडवर दाखवली जाते. आमच्यातल्या कितीतरी जणांनी ती स्वतःच्या हाताने एकदाही केलेली नाही. पुण्यात राष्ट्रीय पातळीचे कोल्ड चेन प्रशिक्षण केंद्र आहे. तिथले प्रशिक्षक वर्षातून एकदा प्रत्येक जिल्ह्यात यावेत आणि गोठवलेल्या कुप्या प्रत्येकाच्या हातात द्याव्यात. अर्ध्या दिवसाचे काम आहे.

लसवाहक

कागदावर याला पर्यायी लस वितरण म्हणतात. प्रत्यक्षात तो गावातला एक मुलगा असतो, स्वतःची मोटरसायकल असलेला. सकाळी केंद्रातून कॅरियर उचलायचा, सत्राच्या जागी पोचवायचा, संध्याकाळी उरलेल्या कुप्या, उघडलेल्या कुप्या आणि वापरलेल्या सिरिंजांची पिशवी घेऊन परत यायचे. त्याच दिवशी परत यायचेच, कारण पेंटाव्हॅलंट, डीपीटीसारख्या उघडलेल्या कुप्या नियमानुसार २८ दिवसांपर्यंत पुन्हा वापरता येतात, पण त्या रात्री आयएलआरमध्ये पोचल्या तरच. तो परतला नाही तर कुपीतले उरलेले डोस वाया.

त्याला सत्रामागे ठरावीक रक्कम मिळते. पाच किलोमीटरवर डांबरी रस्त्याच्या गावात गेला तरी तीच, आणि जिथे शेवटचे सहा किलोमीटर कॅरियर डोक्यावर घेऊन चढावे लागते तिथे अतिदुर्गम म्हणून थोडी जास्त. पेट्रोलचा भाव वाढला तरी ती हलत नाही, आणि ती मिळते तीन-तीन, चार-चार महिन्यांनी. आमचा एक सभासद ऑगस्टमध्ये फरशी पुलावरून घसरला, पाय मोडला. कॅरियर त्याने सोडला नव्हता. त्या दिवशी लसीकरण झाले आणि अहवालात सत्र ‘यशस्वी’ म्हणून नोंदले गेले. दवाखान्याचा खर्च त्याच्या वडिलांनी बैल विकून केला.

भामरागडला पर्लकोटा नदीला पूर आला की तालुक्याचा संपर्क तुटतो, हे दर पावसाळ्यात वर्तमानपत्रांत छापून येते. नर्मदेच्या फुगवट्यातल्या गावांना होडीशिवाय वाट नाही. अशा ठिकाणी लस पोचवण्याचा दर गावातल्या सत्राच्या दरावरून ठरवता येत नाही.

म्हणून : लसवाहकाचा मोबदला अंतर, चढण आणि ऋतू बघून ठरवावा आणि तो दर सहा महिन्यांनी इंधनाच्या भावाशी जोडून तपासावा. पैसे पुढच्या महिन्याच्या दहा तारखेच्या आत त्याच्या खात्यात जमा व्हावेत. त्याचा अपघात विमा शासनाने काढावा. रेनकोट, हेल्मेट आणि कॅरियर पाठीला बांधण्याचा पट्टा द्यावा. आज बरेच जण कॅरियर मांडीवर ठेवून एका हाताने गाडी चालवतात. आणि त्याला ओळखपत्र द्यावे. नाक्यावर अडवल्यावर डब्यात काय आहे हे समजावण्यात जो वेळ जातो, तोही लसीच्याच हिशेबातला असतो.

वीज आणि दुरुस्ती

चांगल्या स्थितीतला आयएलआर दिवसातून आठ तास वीज मिळाली तरी तापमान धरून ठेवतो. त्यामुळे जिथे आठ तासांची खात्री आहे तिथे जास्तीची यंत्रे मागण्याची गरज नाही. तिथे चालू स्थितीतला स्टॅबिलायझर, वेगळे अर्थिंग आणि जनरेटरच्या डिझेलसाठी केंद्राच्या हातात थोडे पैसे एवढेच पुरे. जिथे ती खात्री नाही, तिथे थेट सौर ऊर्जेवर चालणारे, बॅटरी न लागणारे फ्रीज द्यावेत. बॅटरीवाले सौर संच आम्ही पाहिले आहेत. दोन-तीन वर्षांत बॅटरी जाते आणि पाट्या छपरावर नुसत्या राहतात.

दुरुस्तीसाठी जिल्ह्याला टेक्निशियन अपुरे आहेत आणि त्यांच्याकडे गाडी नाही. आमच्यातला एक टेक्निशियन हत्यारांची पेटी घेऊन एसटीने फिरतो. दुपारच्या गाडीने पोचला तर काम होईपर्यंत परतीची गाडी निघून गेलेली असते आणि मुक्काम केंद्राच्या बाकावर. प्रत्येक विभागाला दोन चालू आयएलआर राखीव असावेत, म्हणजे बिघडलेला उचलून तिथे दुसरा ठेवता येईल आणि दुरुस्ती सावकाश, नीट करता येईल.

इथेच एक गोष्ट सांगायला हवी. आयएलआरमध्ये लसीशिवाय काहीही ठेवायचे नाही हा नियम आहे. २०१४ साली सीरियात इदलिब भागात गोवराच्या लसीत डायल्युएंटऐवजी, म्हणजे लस विरघळवण्याच्या द्रवाऐवजी, भुलीसाठीचे स्नायू शिथिल करणारे औषध मिसळले गेले आणि पंधरा मुले दगावली. दोन्ही एकाच फ्रीजमध्ये ठेवलेली होती. आमच्या केंद्रांत वेगळा साधा फ्रीज नसल्यामुळे सापाच्या विषावरचे इंजेक्शन, रेबीजची लस, प्रसूतीनंतरचे ऑक्सिटोसिन हे सगळे कुठे ठेवायचे हा रोजचा पेच आहे. प्रत्येक केंद्राला या औषधांसाठी एक वेगळा फ्रीज द्यावा. ही मागणी छोटी आहे, पण ती आम्ही सोडणार नाही.

होळीआधीचा इंडेंट

लसीचा इंडेंट, म्हणजे महिन्याची मागणी, लोकसंख्येवरून निघतो : वर्षाचे अपेक्षित लाभार्थी भागिले बारा. सातपुड्यातली माणसे बाराने भागली जात नाहीत. दिवाळीनंतर पाडेच्या पाडे ऊसतोडीला आणि गुजरातेत मजुरीला जातात. डिसेंबर-जानेवारीत सत्राला चार बाळे येतात आणि आयएलआर भरलेला असतो. मग होळीला सगळे परततात. चार-पाच महिने राहून गेलेले डोस घ्यायला पाड्यावर एकदम तीस-चाळीस बाळे जमतात, आणि नेमका तेव्हा पेंटाव्हॅलंट संपलेला असतो. आईला सांगावे लागते, ‘पुढच्या बुधवारी ये.’ ती तीन तास चालून आलेली असते. पुढच्या बुधवारी आठवडी बाजार असतो.

एप्रिल २०२१ मध्ये मुंबईसह राज्यात अनेक ठिकाणी कोविड लसीकरण केंद्रे साठा नसल्याने बंद ठेवावी लागली, तेव्हा लस संपण्याचा अर्थ शहरालाही समजला. पाड्यावर तो दरवर्षी कळतो.

स्थलांतर असलेल्या तालुक्यांना महिन्याचा इंडेंट स्वतः बदलण्याचा अधिकार द्यावा आणि होळीआधी जादा साठा तालुक्यातच आणून ठेवावा. सत्राचे वार गावच्या बाजाराचा वार टाळून ठरवावेत. गोवर-रुबेला आणि बीसीजीची कुपी डायल्युएंट मिसळल्यापासून चार तासांत संपवावी लागते. म्हणून ‘दोनच बाळे आहेत, कुपी उघडू नका’ असे तोंडी आदेश वरून येतात. ते बंद व्हावेत आणि एका बाळासाठीही कुपी उघडावी असे लेखी कळवावे. २०२२ च्या अखेरीस मुंबईत गोवराने मुले दगावली, ती आपण सर्वांनी पाहिली आहेत.

आणखी काही

साठ्याची नोंद ई-विनवर आणि वहीत, लाभार्थ्यांची यू-विनवर आणि रजिस्टरमध्ये, असे तेच आकडे चारदा भरणे थांबवावे. २०१९ मध्ये रोटाव्हायरस आणि २०२१ मध्ये न्यूमोकोकल लस देशभर आल्यापासून आयएलआरमधली जागा कमी पडते; नवी लस आणण्याआधी जागा मोजावी. व्हॅक्सिन व्हॅनच्या इंधनाचे पैसे जिल्हा स्टोअरला तिमाहीच्या सुरुवातीला मिळावेत.

आणि एक विनंती केंद्र शासनाकडे पोचवावी. पुण्यात बनलेल्या मेनआफ्रिव्हॅक या मेंदूज्वराच्या लसीला २०१२ मध्ये चाळीस अंशांपर्यंत चार दिवस कोल्ड चेनबाहेर ठेवण्याची मान्यता मिळाली आणि त्याच वर्षी पश्चिम आफ्रिकेतल्या बेनिनमध्ये ती आइसपॅकशिवाय गावोगाव नेली गेली. महाराष्ट्रातल्या कारखान्यातली लस बेनिनच्या लसवाहकाचे ओझे हलके करू शकली. आपल्या कार्यक्रमातल्या कोणत्या लसी अशा रीतीने, ठरावीक मुदतीपुरत्या, वापरता येतील हे राष्ट्रीय लसीकरण तांत्रिक सल्लागार गटाने तपासावे, असा ठराव राज्याने पाठवावा. त्या चाचण्यांसाठी आमचे तालुके आणि आमचे सभासद तयार आहेत.

या मागण्यांवर चर्चेसाठी आपण साठ दिवसांच्या आत वेळ द्यावी. चर्चा मंत्रालयात होण्यापेक्षा एखाद्या दुर्गम प्राथमिक आरोग्य केंद्रात, सत्राच्या सकाळी सात वाजता, कॅरियर भरताना झाली तर आम्हांला जास्त आवडेल.

आम्ही सत्रे बंद ठेवणार नाही. कॅरियर निघायचा त्या वेळी निघेल. मात्र पुढील महिन्याच्या एक तारखेपासून आमचे सर्व सभासद थर्मामीटरवर जे दिसेल तेच तापमान नोंदवहीत लिहितील, मग तो आकडा शून्याखालचा असो वा चौदा असो, आणि प्रत्येक पानाची प्रत महिनाअखेरीस आपल्या कार्यालयाकडे पाठवतील. शासन निर्णय येईपर्यंत त्यांतल्या कोणालाही नोटीस आली, तर तिचे उत्तर संघटना देईल.

आपली,
राज्य कार्यकारिणी आणि सर्व सभासद